सुपारीएवढा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात थंडीचा कडाका जरा ओसरला आणि आईने माझा हिवाळी कोट धुवायला काढला. धुण्याआधी खिसे चाचपण्याची तिची सवय बाबांच्या शर्टांपासूनची आहे. त्या खिशांतून बसची तिकिटे, सुपारीची पुडी, क्वचित एखादी दहाची नोट निघत असे, आणि नोट निघाली तर ती तिची, असा आमच्या घरचा अलिखित कायदा होता. माझ्या खिशातून निघाली ती किराणा दुकानाची पावती, ओठांना लावायच्या मलमाची डबी आणि एक दगड. सुपारीएवढा, एका बाजूने काळा आणि काचेसारखा चकाकणारा, दुसऱ्या बाजूने पिठूळ पांढरा. तिने तो ओट्यावर ठेवला आणि मला हाक मारली.

“हे कुठलं गं?”

ॲबीतले, म्हणजे त्या पडक्या मठातले, असे मी सांगितले. “म्हणजे देवळातलं?” देऊळ नव्हे, मठ होता, आणि तोही जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी मोडला, असे मी म्हणाले. “मोडला तो मोडला. पण देव होता ना तिथं?” याला नाही म्हणता येईना. तिने कागदी रुमालात तो तुकडा उचलला, खिडकी उघडली आणि बाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवला. “देवळाचा दगड घरात ठेवत नाहीत,” एवढेच ती म्हणाली आणि कोट यंत्रात टाकायला निघून गेली. आवाजात रागही नव्हता आणि भीतीही नव्हती. कांदा-बटाटा एका टोपलीत ठेवू नये, अशा सुरात तिने ते सांगितले. मला मात्र ते वाक्य दिवसभर बोचत राहिले. कारण तो दगड मी चोरला होता की उचलला होता, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता.

झाले होते ते इतकेच. मी इंग्लंडमधल्या रेडिंगला नोकरी करते (नवा आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिले काही महिने त्याला ‘रीडिंग’ म्हणतो आणि मग ओशाळतो), आणि कार्यालयापासून ॲबीचे अवशेष पाच मिनिटांवर आहेत. तिकीट नाही, रांग नाही; उजाडल्यावर फाटक उघडते आणि दिवस मावळताना बंद होते. जानेवारीतल्या एका दुपारी मी डबा घेऊन तिथे गेले होते. आदल्या रात्री दहिवर गोठले होते आणि भिंतींच्या सावलीतले गवत दुपारीही पांढरेच होते. भिंतीत मुरलेले पाणी रात्री गोठते, गोठताना फुगते आणि चुन्याला आतून ढकलते. मग कधीतरी एखादा कपचा सुटून खाली येतो. तसाच एक गवतात पडलेला मला दिसला. उचलला, बोटांत फिरवला, तेवढ्यात फोन वाजला आणि बोलता बोलता हात खिशात गेला.

खिडकीच्या कठड्यावर गेल्यानंतर मात्र मी त्याच्याकडे नीट पाहिले. काळी बाजू चकमकीच्या दगडाची. टेम्सच्या खोऱ्यात हा दगड शेतातसुद्धा सापडतो, आणि जिथे तो फुटतो तिथे त्याची कड नखाला लागेल इतकी धारदार होते. पांढरी बाजू चुन्याची. चुन्यात वाळूचे तांबूस कण, आणि एका ठिकाणी मोहरीएवढा काळा ठिपका. तो ठिपका कोळशाचा होता. चुनखडी भट्टीत भाजताना सरपणाचा असा एखादा कण चुन्यात राहून जातो. कुणीतरी बाराव्या शतकात लाकडे फोडली, भट्टी पेटवली, आणि त्या जाळाचा एक कण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आला, असे म्हणून अंगावर रोमांच आणायला हरकत नव्हती. पण २००९ मध्ये दगड निखळू लागल्यामुळे हे अवशेष बंद करावे लागले होते, आणि मोठी डागडुजी होऊन ते २०१८ च्या जूनमध्ये पुन्हा उघडले. भिंतींना ठिकठिकाणी नवा चुना भरलेला आहे. तेव्हा माझा तुकडा ही ॲबी बांधवणाऱ्या पहिल्या हेन्री राजाच्या काळातला असेल, किंवा अगदी परवाच्या एखाद्या गवंड्याच्या हातचाही असेल. आईच्या लेखी या दोहोंत फरक नव्हता.

रेडिंगचे अवशेष पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा नाराज होतो. नक्षीदार कमानी, उंच खिडक्यांच्या दगडी जाळ्या, यातले तिथे जवळजवळ काहीच नाही. आहेत ते ओबडधोबड, दोन-तीन पुरुष उंचीचे सुळके, जणू पावसाने झिजलेली वारुळे. याचे कारण कळायला मला बरेच दिवस लागले. या भिंती आतून चकमकीचे गोटे आणि चुना यांचा भराव घालून बांधल्या होत्या आणि बाहेरून त्यांना घडीव, फिकट रंगाच्या चिऱ्यांचे अस्तर होते. चिरे लोकांनी नेले. भराव कुणाच्या कामाचा नव्हता, म्हणून तो राहिला. आपण पाहतो ती भिंत नसून भिंतीच्या पोटातला ऐवज आहे, आणि हे एकदा ध्यानात आले की त्या सुळक्यांकडे पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते. कुणाला तरी उघडे पाहिल्यासारखे.

आणि इथेच एक विचित्र योगायोग आहे.

ही ॲबी ज्याने ११२१ मध्ये स्थापन केली तो पहिला हेन्री १ डिसेंबर ११३५ रोजी आजच्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीत वारला. लॅम्प्री नावाचे वामासारखे मासे वैद्याने मना केले असताना त्याने पोटभर खाल्ले, असे त्या काळचा एक बखरकार सांगतो. त्याला रेडिंगलाच पुरायचे ठरले होते. पण मध्ये समुद्र, आणि वारा अनुकूल होईना. तेव्हा आतडी आणि मेंदू काढून तिथल्याच रूआँ शहराजवळ पुरण्यात आले, देहाला मीठ भरून तो बैलाच्या कातड्यात गुंडाळला, आणि कित्येक आठवडे थांबून मग तो इथे आणून ११३६ च्या जानेवारीत अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये वेदीसमोर पुरला. राजाचे पोट तिकडे राहिले आणि बाहेरचा देह इकडे आला. त्याच्या ॲबीचे नेमके उलट झाले: बाहेरचे सगळे गेले, पोट तेवढे उरले. राजाची कबरही आज दिसत नाही. मुख्य वेदीची जागा शेजारची शाळा आणि बंद पडलेला तुरुंग यांच्या आवाराखाली गेली असावी, असे मानतात. हा तोच तुरुंग, जिथे १८९५ ते १८९७ या काळात लेखक ऑस्कर वाइल्ड कैदेत होता. त्याची विटांची उंच भिंत ॲबीच्या अवशेषांतून सतत डोळ्यांसमोर असते, आणि खरे सांगायचे तर दोहोंत तीच जास्त धडधाकट दिसते.

रविवारी रात्री भाकऱ्या करताना मी आईला हे सगळे सांगत होते. बैलाच्या कातड्याशी तिने नाक मुरडले, पण मूळ गोष्ट तिने बरोबर विचारली: “बांधला कशाला एवढा मोठा मठ?” मग मी तिला ‘व्हाइट शिप’ जहाजाची हकिकत सांगितली. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून निघालेले ते जहाज बार्फ्लरजवळ खडकावर आपटले. सुमारे तीनशे माणसे बुडाली आणि रूआँचा एक खाटीक तेवढा वाचला. बुडालेल्यांत राजाचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम होता, सतरा वर्षांचा. (अनौरस मुले राजाला वीसहून अधिक होती, हे मी आईला सांगितले नाही.) पुढच्याच वर्षी राजाने केनेट आणि टेम्स या नद्यांच्या संगमाजवळ ही ॲबी उभी करायला घेतली. स्वतःच्या, आईवडिलांच्या, बायकोच्या आणि त्या मुलाच्या आत्म्यासाठी तिथे नित्य प्रार्थना व्हावी, अशी त्याची इच्छा होती. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “म्हणजे निर्वंश झाला तो.” तो शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि ऐकताच मला आजोळची गढी आठवली.

आजोळ सोलापूर जिल्ह्यात. गावाच्या टोकाला गढी होती, म्हणजे गढीचा ढिगारा होता. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, त्यांत पावसाने पाडलेल्या घळी, आणि घळींत पोपटांची घरटी. मृगाच्या आधी गावातले लोक टोपल्या आणि बैलगाड्या घेऊन तिथे जात आणि गढी खणून माती नेत, कारण माळवदावर टाकायला त्या मातीसारखी माती नाही. ती दाबून बसली की पाणी खाली उतरत नाही. आजीच्या माळवदावरही तीच माती होती. पण त्याच आजीने, मी गढीतून एक कोरीव दगड, बहुधा एखाद्या खांबाच्या तळखड्याचा तुकडा, ओढत आणला तेव्हा मला दारातूनच परत पाठवले होते. पडक्या वास्तूचा दगड घराला लावला की वंश राहत नाही, हा तिचा सिद्धांत. “आणि माती गं? माती तर आपण रोज डोक्यावर घेऊन झोपतो,” असे मी विचारले, तेव्हा तिने क्षणभरही न थांबता उत्तर दिले होते, “माती चालते. दगड चालत नाही.” मी आठ वर्षांची होते, पण या कायद्यात कुठेतरी घरची सोय पाहिली आहे, एवढे मला तेव्हाही समजले होते. आज त्या गढीच्या जागी सपाट माळ आहे. गावातली एकेक छपरे म्हणजे ती गढी, असे म्हटले तरी चालेल. आता तर छपरेही सिमेंटची झाली.

रेडिंगकरांना अशी आजी नव्हती. १५३९ च्या नोव्हेंबरात आठव्या हेन्रीच्या माणसांनी शेवटचा मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन याला राजद्रोहाच्या आरोपावरून त्याच्याच गावात फासावर चढवले आणि देहाचे तुकडे केले. ज्या मठाधिपतीने या राजाचा पाहुणचार केला होता, त्याचीच ही गत. छपराचे शिसे गेले, मग चिरे जाऊ लागले. गावातले सेंट मेरीचे चर्च त्याच शतकाच्या मध्यावर ॲबीच्या सामानातून नव्याने बांधले गेले. विंझरला राजवाड्याच्या आवारात गरीब सरदारांसाठी घरे बांधली, त्यांनाही इथला दगड गेला. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५६० च्या सनदेत गावाला पूल दुरुस्त करण्यासाठी ॲबीतले दगड न्यायची परवानगीच देऊन टाकली. सरकारी परवानगीने नेलेला दगड चालतो, असा हाही एक कायदा. मुलगा बुडाला म्हणून पहिल्या हेन्रीने हे उभारले, आणि मुलगा हवा म्हणून बायको सोडण्यापासून पोपशी फारकत घेण्यापर्यंत गेलेल्या खटाटोपात आठव्या हेन्रीने ते पाडले. आजीला हे कळले असते तर तिने बोटे मोडली असती.

या जागेत एकदा तरी कुणी देऊ केलेले नाकारले होते, हेही सांगायला हवे. ११८५ मध्ये जेरुसलेमचा धर्मप्रमुख हेराक्लियस तिथल्या पवित्र स्थळांच्या किल्ल्या घेऊन रेडिंगला दुसऱ्या हेन्रीकडे आला, आमचे राज्य सांभाळा म्हणून गयावया करू लागला. राजाने सल्लामसलत केली, पैसे द्यायचे कबूल केले, पण राज्य काही घेतले नाही. मला तो राजा फारसा आवडत नाही. तरी समोर धरलेल्या किल्ल्यांना हात न लावण्याइतका शहाणपणा त्याने दाखवला, आणि मला एका कपच्याला हात न लावणे जमले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दगड परत ठेवायला निघालो. आईने तो स्वच्छ रुमालात बांधून पर्समध्ये घेतला. वाटेत मी तिला सेंट मेरीचे चर्च दाखवले. त्याच्या मनोऱ्यावर पांढरे चिरे आणि काळी चकमक यांचे सारीपाटासारखे चौकोन आहेत. आईने हातमोजा काढून एका पांढऱ्या चिऱ्यावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. “हा इकडे आला होय,” ती म्हणाली. मला वाटले होते ती नापसंती दाखवील. पण देवाचा दगड देवाकडेच गेला आहे, तेव्हा त्यात वावगे काय, असे तिचे मत पडले. विंझरच्या सरदारांबद्दल मात्र तिने काही अनुकूल शब्द काढले नाहीत.

फोर्बरी बागेत आमचा वेळ गेला. ही बाग म्हणजे ॲबीचे बाहेरचे अंगण. तिथे मधोमध ओतीव लोखंडाचा प्रचंड सिंह आहे, १८८६ मध्ये बसवलेला. अफगाणिस्तानच्या मोहिमेत पडलेल्या ६६ व्या बर्कशायर पलटणीच्या ११ अधिकाऱ्यांचे आणि ३१८ शिपायांचे हे स्मारक. त्यांतले बहुतेक २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या लढाईत गेले. आई खडकीची. बाँबे सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तळाची, भिंत तिच्या रोजच्या भाजीच्या वाटेवर आहे, आणि मैवंदला या गोऱ्या पलटणीच्या जोडीला लढले ते मुंबईच्या सैन्यातले देशी शिपाई होते: बाँबे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स, घोडदळ, आणि खडकीच्या सॅपर्सची एक छोटी तुकडी. मी हे सांगितल्यावर तिने चौथऱ्याभोवती फिरून नावे वाचायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षरे ती सावकाश वाचते. एक बाजू झाली, दुसरी झाली. थंडी वाजू लागली. चारही बाजू संपल्यावर ती म्हणाली, “आपल्याकडचं एकही नाही.” नव्हतेच. सिंह या पलटणीचा, त्यामुळे नावेही तिचीच, हे बरोबरच आहे. तरी तिचा तो शोध चुकीचा होता असे मला म्हणवेना.

अवशेषांपाशी पोहोचलो तेव्हा फाटकाला कुलूप लागले होते.

गजांतून आतले दिसत होते. संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात ते सुळके आणखीच गढीसारखे दिसू लागले, आणि प्रथमच मला जाणवले की या जागेविषयी मला जो जिव्हाळा वाटतो तो कदाचित इथला नाहीच. तो उसना आहे, सोलापूरकडून आणलेला. जवळच्या इमारतीतले कर्मचारी दिवे बंद करून घरी निघाले होते. एक मुलगा सायकल भिंतीला टेकवून काहीतरी खात होता. मी आईला म्हटले, गजांतून आत टाकून देऊ या, गवतातच पडायचा आहे. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे काही बोलले नाही. दगड रुमालात बांधलेला तसाच घरी आला आणि पुन्हा खिडकीबाहेर गेला. रात्री पाऊस पडला. झोपताना मला उगाचच वाटत राहिले की तो भिजतो आहे. जणू नऊशे वर्षे तो कोरडाच होता.

मंगळवारी मी कामावरून परतले तेव्हा कठडा रिकामा होता. आई एकटीने १७ नंबरच्या बसने गेली होती, फाटकातून आत शिरली होती आणि परतही आली होती. या देशात आल्यापासूनची तिची ही पहिली एकटीची सफर. ती मला न सांगता झाली याचे मला कौतुक वाटावे की धसका बसावा, हे ठरेना. कुठे ठेवलास, असे मी विचारले. भिंतीत एक खोबण होती, तिच्यात बरोबर बसला, म्हणाली. नुसताच कसा ठेवायचा म्हणून सव्वा पौंडही ठेवला. “पण तुमच्याकडं पंचवीसचं नाणंच नाही. वीसचं एक आणि पाचचं एक, अशी दोन लागली.” मग तिने विचारले की तिथल्या मोठ्या दालनातल्या एका शिळेवर रेघा आणि ठिपके कोरले आहेत, ते काय आहे. ते तेराव्या शतकातल्या एका गाण्याचे स्वर आहेत, मी सांगितले. त्याचे हस्तलिखित या ॲबीशी जोडलेले असून आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. गाण्यात ककू पक्ष्याला म्हटले आहे की उन्हाळा आला, आता गा. आपण त्याला कोकिळा म्हणून मोकळे होतो, पण कोकिळा वेगळी. ऋतू आला म्हणून सांगत फिरणारा हा पक्षी आपल्या पावशाच्या अधिक जवळचा. “म्हणजे ‘पेर्ते व्हा’,” आई म्हणाली, आणि तिचे समाधान झाले. तो पक्षी गाण्यात काय सांगतो यापेक्षा तो कुणाच्या नात्यातला आहे, हे तिला हवे होते.

जेवणानंतर मी वाळलेला कोट कपाटात टाकायला घेतला. सवयीने खिशात हात घातला, तर शिवणीच्या कोपऱ्यात अजून बारीक पांढरी पूड होती. चिमूटभरही नाही, धुण्यातूनही निघाली नव्हती. मी खिसा उलटा करून आईला दाखवला. तिने चष्मा वर केला, खिसा दिव्यापाशी नेला, बोटाने पूड चोळून पाहिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “पूड चालते.”